वायर लावलीय, दिवेही लागतात, तरी कॉम्प्युटरचं नेट पडतं-उठतं

खिडकीतला_कावळा (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. तीन दिवस डोकेफोड केली, आता जाणकारांना शरण आलोय.

टेबलावरचा कॉम्प्युटर वायरनं राउटरला जोडलेला आहे. राउटर बाहेरच्या खोलीत, कॉम्प्युटर आत, मध्ये साधारण वीस मीटर केबल. विंडोज ११. साधी पानं उघडतात, मेल येते-जाते. पण मोठी फाइल उतरवायला घेतली किंवा व्हिडिओ कॉल लावला की गाडी अडते. अधूनमधून कोपऱ्यातलं नेटवर्कचं चिन्ह जाऊन तिथे गोल येतो आणि पाच-सात सेकंदांत आपोआप पूर्ववत होतो. कधी कधी तासभर सुतासारखं चालतं. त्याच वेळी मोबाईल आणि लॅपटॉप वायफायवर मजेत असतात, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या नेटचा दोष नाही एवढं माझं मला कळलं.

आतापर्यंत केलेले उपाय: राउटर बंद-चालू, कॉम्प्युटर बंद-चालू, नेटवर्क कार्डाचा नवा ड्रायव्हर, नेटवर्क रीसेट. केबल दोन्हीकडून काढून परत लावली. टेस्टरवरही तपासली, एक ते आठ सगळे दिवे क्रमानं लागतात, त्यामुळे केबल ठणठणीत आहे. आता उरलं कार्ड. मदरबोर्डवरचं पोर्ट गेलं असं समजून वेगळं कार्ड आणू का? आगाऊ धन्यवाद.

उगाचच:

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही असंच होतं, पण आमच्याकडे उंदीर आहेत.

शून्य_एक:

कार्ड आणायची घाई करू नका. नव्वद टक्के वेळा हा विजेच्या बचतीचा घोळ असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डावर जा, पॉवर मॅनेजमेंटमध्ये 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावे' अशा अर्थाची खूण असते, ती काढा. मग अॅडव्हान्स्डमध्ये एनर्जी एफिशियंट इथरनेट आणि ग्रीन इथरनेट दिसेल, दोन्ही बंद करा. लाइनवर काही वाहत नसलं की कार्ड डुलकी घेतं आणि काही काही कार्डं त्या डुलकीतून नीट जागी होत नाहीत.

आणखी एक. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शट डाउन' हे पुरतं शट डाउन नसतं, ड्रायव्हरची अवस्था साठवून ठेवलेली असते आणि तीच परत उठते. म्हणून 'बंद-चालू केलं' म्हणता तेव्हा 'रीस्टार्ट' केलं का ते सांगा.

रानजाई:

नव्वद टक्के हा आकडा कुठून आला ते विचारत नाही. :)

कावळेबुवा, काही बदलण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, सेटिंग्जमध्ये इथरनेटवर गेलात की लिंक स्पीड लिहिलेला असतो. तो किती दिसतो? १००० मेगाबिट (म्हणजे एक गिगाबिट) की १००? एकदाच बघून सोडू नका. नेट पडून उठलं की लगेच परत बघा.

दुसरी, दोन काळ्या खिडक्या (कमांड प्रॉम्प्ट) उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग लावा, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर येतं का ते बघा (आयपीकॉन्फिग केल्यावर डिफॉल्ट गेटवे म्हणून जो दिसेल तो, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा ०.१), दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेर गूगलच्या सर्व्हरला. दोन्हीकडे शेवटी '-टी' द्या, म्हणजे तुम्ही थांबवेपर्यंत चालत राहील. मग मोठी फाइल उतरवायला घ्या आणि अडकलं की बघा कोणती खिडकी बंद पडते. फक्त ८.८.८.८ ची पडली तर भानगड राउटरच्या पलीकडे. दोन्ही एकदम पडल्या तर भानगड घरातच, तुमच्यात आणि राउटरमध्ये. दोन्ही चालू आहेत पण संकेतस्थळं नावानं उघडत नाहीत, तर ती नावाचा पत्ता शोधण्याची, डीएनएसची अडचण. एवढी वाटणी झाली की निम्मे उपाय करावेच लागत नाहीत.

आणि हो, एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम केल्यात आणि बरं वाटलं, तर कशानं बरं वाटलं ते कधीच कळणार नाही.

खिडकीतला_कावळा:

शून्य_एक, रीस्टार्ट करत नव्हतो, बंदच करत होतो. आता रीस्टार्ट केलं, फरक शून्य. (नावावर कोटी नाही.)

रानजाई, तुम्ही सांगितलं तसं केलं. आधी लिंक स्पीड. इथे गंमत आहे. सकाळी १०००/१००० होता. एकदा पडून उठल्यावर १००/१०० झाला. दुपारी पुन्हा १०००. म्हणजे तो स्वतःच ठरवतोय!

पिंग: दोन्ही खिडक्या एकाच क्षणी पडतात. एरवी राउटरकडून एक मिलिसेकंदाच्या आत उत्तर येतं, मध्येच दोन-तीनदा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. आणि चिन्हावर गोल आला की 'ट्रान्समिट फेल्ड, जनरल फेल्युअर' अशा ओळी. थोड्या वेळानं परत उत्तरं.

रानजाई:

छान माहिती दिलीत. 'जनरल फेल्युअर' म्हणजे पॅकेट (पाठवलेला माहितीचा तुकडा) बाहेर पडलंच नाही, त्या क्षणी कार्डाच्या दृष्टीनं वायर लावलेलीच नव्हती. 'टाइम्ड आउट' म्हणजे पॅकेट गेलं, उत्तर परत आलं नाही. तुमच्याकडे दोन्ही होतंय. त्यात लिंक १००० वरून १०० वर घसरते. त्यामुळे आता आयपी, डीएनएस, फायरवॉल, अँटीव्हायरस या कुणालाही हात लावू नका. दोष सगळ्यात खालच्या मजल्यावर आहे. संशयित तीन: कार्ड, केबल, राउटरचं पोर्ट.

पोर्ट सगळ्यात सोपं. राउटरच्या दुसऱ्या पोर्टात लावून बघा.

शून्य_एक:

आणि एनर्जी एफिशियंट इथरनेट? तेही खालच्याच मजल्यावर राहतं.

रानजाई:

मान्य. तेही करून बघा, पण पोर्टानंतर.

गाठोडं:

धाग्यात घुसतोय, माफ करा. माझ्याकडे वायर लावली की आयपी १६९.२५४ नं सुरू होणारा येतो आणि नेट नाही. रीस्टार्ट करून झालं. आयपी रिलीज-रिन्यू केलं तरी तोच. हाही केबलचा दोष का?

रानजाई:

गाठोडं, १६९.२५४ हा राउटरनं दिलेला पत्ता नाही. कॉम्प्युटरनं पत्ता मागितला, कुणी दिला नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक घेतला. लिंकचा दिवा लागतोय ना? मग केबलीपेक्षा आधी हे बघा, की दुसरं टोक नेमकं कशात लावलंय. राउटरवर चार पोर्टं एका रंगाची असतात आणि एक वेगळं, ते बाहेरून येणाऱ्या लाइनसाठी. त्या पोर्टावर पत्ता वाटला जात नाही, उलट तिथे राउटरच पत्ता मागत बसतो.

गाठोडं:

…

निळ्या पोर्टात होती. जातो.

उगाचच:

गाठोडं सुटलं! पुढचा पेशंट पाठवा.

खिडकीतला_कावळा:

राउटरचं पोर्ट बदललं, फरक नाही. मग एनर्जी एफिशियंट इथरनेट बंद केलं आणि संध्याकाळपासून आत्तापर्यंत, म्हणजे साडेतीन तास, एकदाही पडलं नाही! एक व्हिडिओ कॉलही नीट झाला. शून्य_एक, तुम्हाला दंडवत.

शून्य_एक:

धागा बंद करायला हरकत नाही. ;)

खिडकीतला_कावळा:

शब्द मागे घेतो. आज सकाळी पहिल्या अर्ध्या तासात चार वेळा पडलं. लिंक १००. काल मोठं काही उतरवलं नव्हतं आणि कॉलही तसा छोटाच होता, हे आता लक्षात येतंय.

मुक्कामपोस्ट:

एवढी माथापच्ची कशाला? वायफाय आहे ना घरात? एक यूएसबी वायफाय लावा आणि मोकळे व्हा.

रानजाई:

मुक्कामपोस्ट, ज्याला वायर हवी आहे त्याला वायफाय सुचवणं म्हणजे दाढ दुखते म्हणणाऱ्याला लापशी खायला सांगणं. होईल काम, पण दाढ आहे तिथेच.

कावळेबुवा, आता खरी परीक्षा. कॉम्प्युटर उचला आणि राउटरशेजारी नेऊन ठेवा. राउटरच्या डब्यात आलेली कारखान्यातली छोटी केबल असेल, तिनं जोडा आणि तासभर मोठ्या फाइली उतरवा. नंतर आतल्या खोलीत या आणि त्याच वीस मीटर केबलीला लॅपटॉप लावा. दोन परीक्षा, दोन उत्तरं. कार्ड की केबल, हे वादाशिवाय ठरेल.

परीक्षेच्या आधी आणि नंतर 'नेटस्टॅट -ई' ही आज्ञा देऊन 'एरर्स'समोरचा आकडा लिहून ठेवा. लिनक्सवाल्यांसाठी: 'ईथटूल' वेग दाखवेल आणि 'आयपी -एस लिंक' चुकांची मोजणी दाखवेल.

खिडकीतला_कावळा:

कॉम्प्युटर उचलून नेला (सीपीयूमागची धूळ हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे).

छोटी केबल, राउटरशेजारी: दीड तास, लिंक १००० वरून हलली नाही, एकही पिंग हरवलं नाही, एरर्स सुरुवातीला ० आणि शेवटीही ०.

मोठी केबल, लॅपटॉप: सुरुवातीला १०००, दहा मिनिटांत पडलं, उठलं ते १०० वर, आणि १०० वरच बसलं. १०० वर असताना मात्र बऱ्यापैकी चालतंय. सेकंदाला अकरा एमबीच्या आसपास उतरतंय.

म्हणजे कार्ड निर्दोष. पण केबल तर टेस्टरवर पास आहे! आठही दिवे! मी आत्ता पुन्हा तपासली. १-२-३-४-५-६-७-८, दोन्हीकडे, त्याच क्रमानं. आता काय म्हणायचं?

उगाचच:

म्हणायचं की उंदीर.

मुक्कामपोस्ट:

केबल दाराच्या फटीतून गेलीय का? आमच्याकडे खुर्चीचं चाक रोज त्याच जागेवरून जायचं, बाहेरून काही दिसायचं नाही. काटकोनात दुमडलेली जागा, भिंतीत खिळा ठोकताना घुसलेली पिन, विजेच्या वायरीला चिकटून लांबवर नेलेली केबल, हे सगळं बघा. (वायफायचा सल्ला मागे घेत नाही.)

शून्य_एक:

एखादी तार अर्धवट तुटलेली असेल. टेस्टर लावताना जुळते, हलली की सुटते. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच: १-२ आणि ३-६. त्यामुळे ४, ५, ७, ८ पैकी एखादी गेली की १०० वर येतं. हे तुमच्या लक्षणांशी जुळतं.

(आणि ते नव्वद टक्के मागे घेतो.)

तारवाला:

उशिरा आलो. सगळं वाचलं.

शून्य_एकांचा तर्क चांगला आहे, पण तार तुटलेली असती तर १००० वर अर्धा-अर्धा तास चाललंच नसतं. इथे १००० वर लिंक येते, चालते, चुका करते आणि मग दमते. हे तुटण्याचं लक्षण नाही.

कावळेबुवा, एकच प्रश्न. या केबलीला कनेक्टर कुणी बसवले?

खिडकीतला_कावळा:

मी.

तीन आठवड्यांपूर्वी राउटर त्या खोलीतून या खोलीत आणला, तेव्हा केबल घेतली, पक्कड घेतली आणि दोन्ही टोकं स्वतः बसवली. टेस्टरही त्याच वेळचा. हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायला हवं होतं, हे आता लिहिताना कळतंय. पण आठही दिवे लागले म्हणून तो विषय मी डोक्यातून काढूनच टाकला होता.

तारवाला:

सांगतात कुठे सगळे. मी लोकांच्या घरी जातो तेव्हा 'आम्ही कशालाही हात लावलेला नाही' हे वाक्य दारातच ऐकायला मिळतं.

कनेक्टर हातात धरा. क्लिप खाली, सोनेरी पट्ट्या वर, केबल तुमच्याकडे येणारी. डावीकडून उजवीकडे रंग लिहून पाठवा. दोन्ही टोकांचे.

खिडकीतला_कावळा:

दोन्हीकडे सारखेच आहेत: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मुद्दाम नीट जोडीनं लावलेत.

तारवाला:

मिळाला चोर.

तुम्ही जोडीनं लावलेत, तिथेच घात झाला. खरा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी ३ आणि ६ वर जाते, तिच्या पोटात निळी जोडी ४ आणि ५ वर. दिसायला वेडगळ दिसतं. टेलिफोनच्या जुन्या जोडणीत मधल्या दोन पिनांवर पहिली लाइन आणि तिच्या दोन्ही बाजूंना दुसरी लाइन असायची. तोच वारसा इथे आलाय.

आता यानं बिघडतं काय ते सांगतो, कारण हे कळलं नाही तर पुढच्या वेळी परत तसंच कराल. केबलीच्या आत चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीला पीळ दिलेला असतो. जोडीतल्या एका तारेवर सिग्नल जातो, दुसरीवर त्याच्या बरोबर उलटा. पलीकडचं कार्ड दोघींमधला फरक मोजतं. बाहेरचा गोंगाट आला तर पिळामुळे तो दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच चढतो आणि फरक काढताना वजा होऊन जातो. शेजारच्या जोडीचा आवाजही तसाच वजा होतो. पण हे सगळं कधी? त्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतील तरच.

तुमच्याकडे ३ नंबरवर पांढरा-हिरवा आहे आणि ६ वर निळा. कार्ड समजतंय की ही एक जोडी आहे. प्रत्यक्षात त्या दोन तारा वेगवेगळ्या जोड्यांतल्या आहेत. एक हिरवीबरोबर पिळलीय, दुसरी पांढऱ्या-निळीबरोबर. तसंच ४ आणि ५ चं. म्हणजे ३-६ वरचं बोलणं ४-५ ला ऐकू जातं आणि ४-५ वरचं ३-६ ला, तेही वीस मीटरभर. आमच्या धंद्यात याला स्प्लिट पेअर म्हणतात, फुटलेली जोडी.

आणि तुमचा टेस्टर खोटं बोलत नाही, फक्त त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. तो या टोकाच्या १ मध्ये बॅटरीचा करंट सोडतो आणि पलीकडे १ चा दिवा लागतो का बघतो. मग २, मग ३. कोणती तार कुणाबरोबर पिळलीय हे त्याला दिसतच नाही. ते बघायला जोड्यांमधली गळती मोजणारं यंत्र लागतं, किंवा माणसाचे डोळे.

शून्य_एक:

हे माहीत नव्हतं, मान्य. पण दोन शंका. एक, इतकं वाईट असेल तर १००० वर लिंक येतेच कशी? दोन, १०० वर ठीक का चालतं? ३-६ तर तिथेही वापरात आहे.

तारवाला:

दोन्ही शंका योग्य.

लिंक जुळवताना दोन्ही टोकं आधी एकमेकांना विचारतात, तुला किती वेग जमतो? ही विचारपूस अगदी संथ पल्सेसनी होते, ती खराब केबलीतूनही पार पडते. दोघं म्हणतात, मला १००० जमतं. ठरलं. मधली केबल कशी आहे हे त्या बोलण्यात कुणी विचारलेलंच नसतं. मग खरं काम सुरू होतं, चुका वाढतात, लिंक कोसळते. पुन्हा विचारपूस, पुन्हा १०००. काही कार्डं दोन-चारदा तोंडघशी पडल्यावर स्वतःहून १०० वर उतरतात. कावळेबुवांनी पाहिलेली चढउतार ती हीच.

१०० वर का चालतं: तिथे कॉम्प्युटर १-२ वरून बोलतो आणि ३-६ वरून ऐकतो. १-२ म्हणजे नारिंगी जोडी, ती अखंड आहे. ३-६ फुटलेली आहे, पण तिची खरी भांडखोर शेजारीण ४-५, ती १०० मध्ये गप्प असते. भांडण करायला समोर कुणी नाही. गिगाबिटमध्ये चारही जोड्या, दोन्ही दिशांना, एकाच वेळी बोलतात. तिथे ही दोघं एकमेकींचा गळा धरतात.

खात्री करायची असेल तर छोटा प्रयोग. लिंक १००० वर असताना राउटरला २०० पिंग पाठवा, एकदा नेहमीची ३२ बाइटची आणि एकदा १४०० बाइटची ('-एल १४००'). पॅकेट जितकं लांब तितका त्यात डाग पडायचा संभव जास्त, आणि एक डाग पडला तरी पूर्ण पॅकेट टाकून देतात.

खिडकीतला_कावळा:

३२ बाइट: २०० पैकी २ हरवली.
१४०० बाइट: २०० पैकी ३१ हरवली.

साधी पानं उघडायची आणि फाइल अडायची ती यामुळे! कापू का टोकं?

मुक्कामपोस्ट:

थांबा. १०० वर नीट चालतं ना? मग कार्डाच्या सेटिंगमध्ये 'स्पीड अँड डुप्लेक्स' मध्ये १०० फुल डुप्लेक्स पक्कं करून टाका. घरात १००० लागतं कुणाला?

रानजाई:

कृपया नको. एका टोकाला १०० फुल ठोकून बसवलं आणि राउटर 'ऑटो'वर राहिला, तर राउटरला समोरून विचारपुशीचं उत्तरच मिळत नाही. वेग तो सिग्नलवरून ओळखतो, पण डुप्लेक्स, म्हणजे दोघांनी एकदम बोलायचं (फुल) की आळीपाळीनं (हाफ), हे ओळखता येत नाही म्हणून हाफ धरतो. मग एक बाजू दोन्हीकडून एकदम बोलते, दुसरी म्हणते आधी तू, मग मी. पिंग झकास दिसतं आणि फाइल गोगलगायीसारखी सरकते. एक रोग झाकायला दुसरा आणायचा. मी एकदा अशा जोडणीमागे अख्खी दुपार घालवलीय, आणि ते सेटिंग सहा महिन्यांपूर्वी मीच केलेलं निघालं.

तारवाला:

रानजाईंना +१. कापा टोकं. दोन्ही. एकच नीट केलंत तर तारा उलटसुलट होतील आणि मग टेस्टरही ओरडेल.

कापताना:

बाहेरचं आवरण काढताना आतल्या तारेला पात्याचा ओरखडा लागू देऊ नका. एकसंध तांब्याची तार असेल तर ती आज जोडलेली दिसते आणि महिन्याभरानं तिथेच मोडते. ओरखडा दिसला की तेवढं कापून परत सुरू करा, केबल स्वस्त, डोकं महाग.

पीळ गरजेपुरताच सोडा, १३ मिलिमीटरच्या वर नाही. हौशी लोक दोन-दोन इंच सोडवून सरळ करत बसतात, कारण ओवायला सोपं जातं. सरळ करा, क्रम लावा, मग बोटात घट्ट धरून टोकं एका रेषेत कापा.

आवरण कनेक्टरच्या आत गेलं पाहिजे. मागची पाचर आवरणावर बसली पाहिजे, तारांवर नाही. पक्कड दाबण्याआधी समोरून बघा, आठही तारांची तांब्याची टोकं कनेक्टरच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. दिसली नाहीत तर दाबू नका.

खिडकीतला_कावळा:

एक शंका. शोधलं तर ए आणि बी असे दोन क्रम दिसतात. तुम्ही दिलेला कोणता?

तारवाला:

बी. ए मध्ये हिरवी आणि नारिंगी जोडी जागा बदलतात, बाकी तेच. दोन्हीत ३-६ ला अखंड जोडी जाते, दोन्ही चांगले. दोन टोकांना एकच क्रम ठेवा म्हणजे झालं. चुकून एकीकडे ए आणि दुसरीकडे बी झालं तरी आजची उपकरणं सांभाळून घेतात. तुमचा क्रम ना ए ना बी.

उगाचच:

तो सी. कावळ्याचा सी. (ह. घ्या.)

खिडकीतला_कावळा:

अहवाल.

पहिलं टोक: तिसऱ्या प्रयत्नात. निळी आणि हिरवी ओवताना जागा बदलून घेतात, जणू त्यांचं आपसात ठरलंय. दुसरं टोक: टेस्टरवर ७ चा दिवा लागला नाही. भिंग घेऊन बघितलं, पांढरी-तपकिरी पुढे टेकलीच नव्हती. मी न बघता दाबलं होतं. कापलं, परत केलं.

आता: १००० वर लिंक. १४०० बाइटची २०० पिंग, हरवली ०. मग हौसेनं २००० पाठवली, हरवली ०. लॅपटॉपही वायरनं राउटरला लावला आणि कॉम्प्युटरवरून त्याच्यावर ४० जीबीचं फोल्डर टाकलं, सेकंदाला ११० एमबीच्या आसपास. एरर्स ०. कालपासून चिन्हावर गोल आलेला नाही.

शून्य_एक:

वा! एक काम करा. एनर्जी एफिशियंट इथरनेट परत चालू करा आणि बघा. मला माझी इज्जत किती शिल्लक आहे ते कळेल.

खिडकीतला_कावळा:

चालू केलं. दिवसभरात काही झालं नाही. इज्जतीचा हिशेब तुमचा तुम्ही करा. :)

शून्य_एक:

शून्य. नाव बदलायला नको.

गाठोडं:

सगळा धागा वाचून काढला. माझीही एक केबल घरी बनवलेली आहे. कनेक्टर पारदर्शक आहे, रंग दिसतात: पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-नारिंगी, निळा, पांढरा-निळा, नारिंगी, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दुसऱ्या टोकालाही हेच. घाबरू का?

तारवाला:

नको. हा ए. निवांत झोपा.

खिडकीतला_कावळा:

तारवाला, रानजाई, एक कबुली राहिली होती. त्याच दिवशी, त्याच पक्कडीनं, त्याच 'जोडीजोडीनं' मी टीव्हीचीही केबल बनवली होती. आत्ता मागे जाऊन बघितली. तोच क्रम. पण टीव्हीला एकदाही त्रास झालेला नाही. तिला असू दे का?

तारवाला:

टीव्हीचं पोर्ट १०० चं असणार, बऱ्याच टीव्हींचं असतं. म्हणून खपून गेलं. उद्या त्या जागी दुसरं काही लावाल आणि नवा धागा काढाल, 'टेस्टरवर आठही दिवे लागतात' म्हणून.

खिडकीतला_कावळा:

पक्कड हातातच आहे. टीव्ही ओढतोय भिंतीपासून.